पात्राचा शेवटचा श्वास आणि पुढच्याचा टर्न : टेबलावरचे भावनिक प्रसंग कसे सांभाळता?

सोंगटी (धागाकर्ती)

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत फाशांनी खेळायचा खेळ) याच्या पाचव्या आवृत्तीत पात्र मरण्याचा प्रसंग बहुतेक टेबलांवर फुकट जातो, असं माझं मत आहे. त्यात खेळाडूंच्या अभिनयाचा दोष फार थोडा. खरी अडचण नियमांच्या रचनेत आहे.

नियम बऱ्याच जणांना पाठ असतील, तरी मांडते, कारण मेख तिथेच आहे. हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) शून्यावर आले की पात्र कोसळतं. मग स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला एक डी२०, म्हणजे वीस पैलूंचा फासा. याला डेथ सेव्ह म्हणतात. १० किंवा त्याहून जास्त आलं तर एक यश, कमी आलं तर एक अपयश. ३ यशं झाली की जीव स्थिरावतो, ३ अपयशं झाली की पात्र गेलं. १ पडला तर एकदम दोन अपयशं, २० पडला तर पात्र १ हिट पॉइंट घेऊन डोळे उघडतं. म्हणजे मध्ये कुणी काही केलं नाही तर जास्तीत जास्त ५ फाशांत निकाल लागतो. एक राउंड, म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न, ६ सेकंदांचा, तेव्हा पात्राच्या जगात हा सगळा अर्ध्या मिनिटाचा खेळ.

टेबलावर मात्र पाच खेळाडू असले तर दोन फाशांमध्ये सहज १५-२० मिनिटं जातात. तेवढ्यात कुणी फायरबॉल या स्पेलची (मंत्राची) त्रिज्या मोजत असतं, कुणी स्पेल स्लॉट (किती स्पेल शिल्लक त्याच्या खुणा) खोडत असतं. तिसरं अपयश पडतं, दोन सेकंद शांतता होते आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) विचारतो, "हं, पुढचा टर्न कुणाचा?" दोन वर्षं जपलेलं पात्र असं जातं.

तर विचारायचं हे : लढाई तिथे थांबवावी का? थांबवली तर कशी आणि किती वेळ? इतर सिस्टिम्समध्ये (याच प्रकारच्या इतर खेळांत) यासाठी काय सोय आहे? आणि प्रसंग खरंच जमला, खेळाडूच्या डोळ्यांत पाणी आलं, तर पुढे काय करायचं? ठोस उपाय लिहा, प्लीज.

चकवा

त्याच्याही आधीचं दुखणं बघा. पाचव्या आवृत्तीत कोसळणं इतकं स्वस्त आहे की कुणी घाबरतच नाही. हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) होतो, ६० फुटांवरून होतो, आणि १ हिट पॉइंट मिळाला तरी पात्र ताडकन उठून लढायला लागतं. एका लढाईत तीनदा कोसळून तीनदा उठलेल्या माणसासाठी चौथ्यांदा रडायचं कसं?

उपाय : शून्यावर गेलं की दर वेळी एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. हा घरगुती नियम बऱ्याच ठिकाणी चालतो. पण २०१४च्या नियमांवर खेळत असाल तर एक गोष्ट सांभाळा. तिथे तिसऱ्या पातळीला अटॅक आणि सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचे फासे) डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरून, टाकावे लागतात, आणि डेथ सेव्ह हासुद्धा सेव्हिंग थ्रोच आहे. एका फाशाला यशाची शक्यता ५५% असते, ती थेट ३०%वर येते. तिसऱ्यांदा कोसळलेलं पात्र जवळपास गेल्यात जमा. हे खेळाडूंना पहिल्याच सेशनला (बैठकीला) सांगून ठेवा, ऐन लढाईत कळलं तर दुःखाच्या जागी भांडण होतं.

कंदील

डेथ सेव्ह झाकून टाका. खेळाडूने पडद्याआड किंवा वाटीखाली फासा टाकायचा, तो स्वतः आणि डीएम यांनीच बघायचा. बाकीच्यांना काहीच कळत नाही, त्यामुळे "अजून दोन अपयशं शिल्लक आहेत, आधी ऑर्क संपवू" हा हिशोब बंद होतो. जिला जायचंय तिला आत्ताच धावावं लागतं.

पडलेल्या माणसाजवळ पोचलं की काय करता येतं तेही कागदावर लिहून टेबलावर ठेवा : मेडिसिनचा १०चा चेक, म्हणजे फासा आणि कौशल्य मिळून १० गाठायचे (एक ॲक्शन), हीलर्स किट असेल तर चेकशिवाय, किंवा स्पेअर द डाइंग हा स्पेल. तिन्हींनी जीव फक्त स्थिरावतो, शुद्ध येत नाही. हातात मित्राचं डोकं आहे, तो जिवंत आहे पण बोलत नाही. मला वाटतं त्या नियमांमधली सगळ्यात हळवी जागा हीच आहे, आणि हीलिंग वर्डच्या घाईत तिच्याकडे कुणी बघत नाही.

तळघर

कंदील, झाकलेल्या फाशाशी निम्मा सहमत. उघड्या फाशाची मजा वेगळी असते. सगळं टेबल त्या एका डी२०वर वाकलेलं असतं, ती सामायिक धाकधूक झाकल्यावर हरवते. माझी पद्धत : पहिला आणि दुसरा फासा झाकून, पण दोन अपयशं झाली की डीएमने तेवढं सांगायचं आणि पुढचा फासा टेबलाच्या मधोमध, उभं राहून.

दुसरं, मरण स्वस्त होण्याचं मोठं कारण हिरे आहेत. रिव्हिव्हिफाय हा परत जिवंत करणारा तिसऱ्या पातळीचा स्पेल, मेल्यापासून १ मिनिटाच्या आत, ३०० सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची. रेझ डेड पाचव्या पातळीचा, ५०० नाण्यांचा हिरा, १० दिवसांच्या आत. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) नवव्या पातळीला पोचली की मरण म्हणजे खरेदीची यादी होते.

इथे क्रिटिकल रोल या डी अँड डीच्या वेब-शोचा डीएम मॅथ्यू मर्सर याचा पुनरुज्जीवनाचा नियम उपयोगी आहे. लांब विधीच्या स्पेलमध्ये पार्टीतले जास्तीत जास्त तिघं काहीतरी अर्पण करतात : प्रार्थना, वस्तू, आठवण, शपथ. जे केलं त्याला साजेसा स्किल चेक. शेवटच्या फाशाने गाठायचा आकडा १०पासून सुरू होतो, ते पात्र आधी जितक्यांदा परत आलं असेल तितक्यांदा १ने वाढतो, प्रत्येक यशस्वी अर्पणाने ३ने उतरतो, फसलेल्याने १ने चढतो. मग डीएम एकच डी२० टाकतो, त्यात कशाचीही भर घालायची नाही. फसलं तर आत्मा कायमचा गेला.

यातली खुबी अशी की बोलायची वेळ ठरलेली आहे, माणसं ठरलेली आहेत आणि बोलण्याला वजन आहे. लाजरा खेळाडूही तिथे तोंड उघडतो, कारण त्याच्या शब्दांनी आकडा हलतो.

गोगलगाय

+१. आणि एक विसरू नका : पाचव्या आवृत्तीत आत्मा राजी असल्याशिवाय परत येत नाही. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे बोलावणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट (नैतिक कल) आणि दैवत आत्म्याला कळतं, आणि त्यावरून तो नकार देऊ शकतो. मेलेल्या पात्राच्या खेळाडूला आधी बाजूला घेऊन विचारा, "यायचंय का?" पुष्कळ डीएम हे विचारतच नाहीत.

उंबरठा

सोंगटी, मूळ प्रश्नाकडे. लढाई थांबवावी का? हो, पण ठरवून आणि थोडीच. क्रम देतो :

तिसरं अपयश पडलं की डीएमने दोन्ही हात टेबलावर ठेवायचे आणि इनिशिएटिव्हचा (टर्नच्या क्रमाचा) कागद पालथा घालायचा. तोंडाने "थांबूया" म्हणायची गरज पडत नाही, ही खूण दोन-तीन सेशनमध्ये सगळ्यांच्या अंगवळणी पडते. मग १० सेकंद कुणी काही बोलायचं नाही. मनात सावकाश १० आकडे मोजा, कारण शांततेत डीएमलाच सगळ्यात आधी अवघडल्यासारखं होतं आणि तो चौथ्या सेकंदाला बोलून मोकळा होतो.

मग ज्याचं पात्र गेलं त्याला एकच प्रश्न : "शेवटचं काय दिसतं?" "काय वाटतं?" असं विचारू नका. वाटण्याचं उत्तर शोधावं लागतं, दिसण्याचं लगेच येतं. छताची तुळई, कुणाचे तरी बूट, धूर. मिनिटभर पुरे.

त्यानंतर ज्या पात्राला ते दिसू शकतं अशा एकालाच प्रश्न : "तुझे हात काय करताहेत?" सगळ्यांना फिरून विचारायला गेलात तर तिसऱ्या उत्तरापर्यंत हजेरी घेतल्यासारखं वाटतं. बाकीच्यांना लढाई संपल्यावर वेळ द्या.

मग कागद सुलटा करा आणि पुढचा टर्न शत्रूचा असेल तरी शत्रूपासून सुरू करू नका. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला एक वाक्य बोलू द्या आणि तिथून चालू करा. सगळं मिळून तीन ते चार मिनिटं. पाचच्या पुढे गेलं की ज्यांच्या पात्रांचा मृताशी फारसा संबंध नव्हता ते फोन काढतात, आणि ते बघून रडणाऱ्यालाही चोरट्यासारखं होतं.

मधलीसुट्टी

"तुझे हात काय करताहेत?" हे फार आवडलं. वाचनखूण साठवली.

गोगलगाय

उंबरठा यांच्या प्रश्नाला जोडून. ज्यांना आवाज काढून बोलायला जमत नाही त्यांना तृतीय पुरुषात बोलू द्या. "ती गुडघ्यावर बसते. त्याच्या खांद्यावरची राख झटकते. परत झटकते. राख केव्हाच गेलेली आहे, तरी झटकते." हे "मी" म्हणून, गळा दाटून म्हणण्यापेक्षा कुठेही कमी नाही. बऱ्याचदा जास्तच लागतं, कारण बोलणाऱ्याला स्वतःचा चेहरा सांभाळायचा नसतो. "जरा कॅरेक्टरमध्ये येऊन बोल" अशी टोचणी कुणालाही लावू नका. आणि कुणी म्हणालं, "माझं पात्र रडत नाही, तलवार पुसतं", तर तलवार पुसू द्या.

पिंपळपान

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडच्या टेबलांवर नियम इंग्रजीत, थट्टा मराठीत आणि प्रसंग गंभीर झाला की सगळे पुन्हा इंग्रजीत शिरतात. "आय ॲम सॉरी" पटकन निघतं, "मला क्षमा कर" म्हणताना नाटकात उभं असल्यासारखं वाटतं. त्यामुळे दुःख उसनं वाटायला लागतं. पण मराठीत माणूस एरवी तरी कुठे "मला क्षमा कर" म्हणतो? तो म्हणतो "चुकलं माझं", किंवा तेही नाही, नुसतं "जेवलास का?" पात्राला हीच वाक्यं द्या.

तू-तुम्ही तर हातात आयतं हत्यार आहे. सेनापतीला वर्षभर "तुम्ही" म्हणणारं पात्र त्याच्या मरणाच्या वेळी "ऊठ ना" म्हणालं की वेगळ्या भाषणाची गरज नाही. त्यासाठी कॅम्पेनच्या (अनेक सेशन चालणाऱ्या कथेच्या) सुरुवातीलाच कोण कुणाला काय म्हणतं ते कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहून ठेवा. पाच पात्रं असतील तर वीस नाती होतात, तीन-चार महत्त्वाची लिहिली तरी पुरतात. आणि ते कटाक्षाने पाळा, नाहीतर शेवटी मोडायला काही उरत नाही.

निरोपही बघा. आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मरणाऱ्या पात्राच्या तोंडी "येतो" हा एकच शब्द ठेवा. तसंच डीएमच्या निवेदनात शत्रू "मेला", सोबती "गेला". हा फरक सहा महिने न चुकता पाळलात तर ज्या दिवशी एखाद्या शत्रूबद्दल "गेला" असं म्हणाल, त्या दिवशी टेबल वर बघेल.

आणि स्वतःचं जग रचत असाल तर तळघर यांच्या विधीला आपल्याकडचं एक रूप देता येतं. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नसला की माणसं काय करतात? गेलेल्याचं काय राहिलं असेल ते आठवून एकेक जण मोठ्याने कबूल करतो : पोरीचं लग्न मी लावतो, कर्ज मी फेडतो. टेबलावर तसंच. प्रत्येक पात्र एक वचन देतं, वचनागणिक डीएम झाकून फासा टाकतो, नेमक्या इच्छेच्या जवळ गेलं की आकडा सोपा होत जातो. इच्छा मृत पात्राच्या खेळाडूने आधीच चिठ्ठीवर लिहून दिलेली असते. कावळा शिवला की चिठ्ठी उघडायची. दिलेली वचनं शीटवर जातात आणि पुढच्या दहा सेशनचं कथानक तिथेच तयार होतं.

सोंगटी

पिंपळपान, चिठ्ठीची कल्पना जबरदस्त आहे. इच्छा कधी लिहून घ्यायची? मेल्यावर विचारलं तर खेळाडू त्या क्षणाला शोभेल असं काहीतरी लिहील.

पिंपळपान

दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेशनला, पात्र अंगात भिनल्यावर पण कुणी मरायच्या आत. बंद पाकिटात, डीएमकडे. दर पातळीला बदलायची मुभा. आणि इच्छा लहान हवी. "राज्याला न्याय मिळावा" असलं काही नको, "आईला सांगायचं राहिलं की बैल मी विकला" असं हवं. लहान इच्छा दुसऱ्याला पुरी करता येते.

नदीकाठ

पद्धत सुंदर आहे, पण एक इशारा देतो आणि तो मनापासून देतो. दहावा, पिंड, कावळा हे खेळाडूंच्या घरात खरोखर घडलेलं असतं, कदाचित गेल्याच महिन्यात. काल्पनिक देवळातल्या विधीत जे अंतर मिळतं ते इथे नाही. तेव्हा आधी विचारल्याशिवाय हे टेबलावर आणू नका.

विचारायची रीत ठरलेली आहे. गेम डिझायनर रॉन एडवर्ड्सच्या लाइन्स अँड व्हेल्सला मी लक्ष्मणरेषा आणि पडदा म्हणतो. रेषेपलीकडचा विषय खेळात येतच नाही. पडद्याचा विषय घडतो, पण दाखवला जात नाही, "तेरा दिवस गेले" म्हणून पुढे जायचं. सेशन झीरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला) सगळ्यांकडून लेखी घ्या, चारचौघांत तोंडी नको. तोंडी विचारलं की सगळे "मला काही चालतं" म्हणतात. चिठ्ठ्यांवर नाव नको, डीएमने एकत्र यादी वाचून दाखवायची आणि कारण कुणालाच विचारायचं नाही.

ऐन खेळात लागलं तर एक्स-कार्ड, जॉन स्टाव्हरोपोलसने २०१३मध्ये मांडलेलं. कोऱ्या कार्डावर फुली, टेबलाच्या मध्यभागी. कुणीही हात लावला की चालू गोष्ट बदलायची. इथे बहुतेक टेबलांवर चूक होते ती म्हणजे कार्ड ठेवतात आणि कुणी कधीच वापरत नाही. म्हणून पहिल्या तासात डीएमने स्वतः एखाद्या साध्या गोष्टीसाठी ते वापरून दाखवावं, "कोळ्यांचं वर्णन नको, उंदीर करूया". वापरलेलं कार्डच पुन्हा वापरलं जातं.

चकवा

नदीकाठ, सहमत. एकच भर : दुःखाच्या प्रसंगात लोक कार्डाला हात लावत नाहीत, कारण मित्राचा प्रसंग मोडल्यासारखं वाटतं. त्यासाठी स्क्रिप्ट चेंज या अशाच साधनातल्या खुणा बऱ्या : मागे, थांब, पुढे. "पुढे" म्हटलं की प्रसंग रद्द होत नाही, फक्त भराभर सरकतो. त्याचा संकोच कमी वाटतो.

मधलीसुट्टी

इतर सिस्टिम्स विचारल्यात म्हणून टेन कँडल्सबद्दल लिहिते. स्टीफन ड्यूईचा २०१५चा खेळ. यात सगळी पात्रं शेवटी मरतात आणि हे सगळ्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं. त्यामुळे "वाचेल का" हा प्रश्नच गळून पडतो, "कसा जाईल" एवढाच उरतो.

सामान : १० टीलाइट (छोट्या चपट्या मेणबत्त्या), सहा पैलूंचे फासे दोन रंगांत, कार्डं, जळती कार्डं टाकायला भांडं, आणि आवाज रेकॉर्ड करायला फोन. सुरुवातीलाच अंधारात प्रत्येक पात्राचा शेवटचा निरोप रेकॉर्ड होतो. मग खेळ. खेळाडूंच्या फाशांत एकही ६ आला नाही तर प्रसंग संपतो, एक मेणबत्ती विझते. पडलेले १ त्या प्रसंगापुरते बाद होतात. पात्राचा गुण किंवा दुर्गुण लिहिलेलं कार्ड जाळलं की ते १ परत टाकता येतात, म्हणजे स्वतःचा एक तुकडा जाळून फासे विकत घ्यायचे. पुढच्या प्रसंगाला पेटत्या मेणबत्त्यांइतकेच फासे. शेवटची विझल्यावर पूर्ण काळोखात ते रेकॉर्डिंग लावतात. तीन तासांपूर्वीचे, अजून आशा असलेले आवाज.

आपल्याकडे हा खेळ बिघडतो तो पंख्यामुळे. मेणबत्ती कशानेही विझली तरी ती परत लावायची नाही, प्रसंग तिथेच संपतो. एप्रिलमध्ये पंखा बंद, खिडक्या लावलेल्या आणि दहा ज्योती, तासाभरात लोक घामाने बेजार होतात आणि मरणाऐवजी पाण्याचा विचार करतात. तेव्हा पावसाळा किंवा डिसेंबर-जानेवारी निवडा, रात्री नऊनंतर बसा. पणत्या वापरू नका, हात लागला की वात सरकते, तेल सांडतं आणि पेटतं. कार्डं जाळायला स्टीलचं पातेलं, तळाशी बोटभर पाणी, खाली परात. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर शेवटच्या काळोखात स्क्रीन उजळते आणि तीन तासांची मेहनत जाते.

तळघर

याच पंगतीत ड्रेड (२००५). फासे नाहीत, ५४ ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा. अवघड काम करायचं तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा, मनोरा पडला की पात्र गेलं. पण मुद्दाम मनोरा पाडला तर ते पात्र जाता जाता ठरवलेलं काम पुरं करून जातं. माणूस हात मागे नेतो तेव्हाच सगळ्यांना कळतं. टेबल डगमगतं नसावं, आणि मनोरा कोपरापासून लांब.

कंदील

मरण सोडून इतर भावनांचंही बोलूया. धागा सगळा स्मशानातच बसलाय.

डेल्टा ग्रीन या भयकथेच्या खेळातले बाँड घ्या. पात्राच्या प्रत्येक जिवलग नात्याला एक आकडा असतो, सुरुवातीला करिश्मा या गुणाच्या आकड्याएवढा. भीषण काही दिसलं आणि सॅनिटी (मनाचं संतुलन) कमी व्हायची वेळ आली की तो घाव नात्यावर ढकलता येतो : १डी४ (चार पैलूंच्या एका फाशाइतकी) विलपॉवर खर्च करा, तेवढी सॅनिटी वाचते आणि तेवढाच बाँड उतरतो. मग मोहिमांच्या मधल्या घरच्या प्रसंगांत त्याची किंमत दिसते. बायकोचा बाँड १२वरून ५वर आलाय. ताट वाढलेलं आहे, दोघं समोरासमोर आहेत, आणि बोलायला काही नाही. त्या प्रसंगाला जीएमने (गेम मास्टर, इथला डीएम) राक्षस आणायचा नाही, कुणाचा फोन आणायचा नाही. नुसतं जेवण.

मास्क्समध्ये (२०१६) किशोरवयीन सुपरहिरो असतात आणि त्यांना हिट पॉइंटच नाहीत. मार लागला की भावना लागते : रागावलेला, घाबरलेला, अपराधी, हताश, असुरक्षित. रागावलेल्याला दुसऱ्याला धीर देताना -२. ती खूण पुसायची तर कुणाला तरी दुखवावं लागतं किंवा महत्त्वाचं काही मोडावं लागतं. घाबरलेल्याला अवघड गोष्टीपासून पळावं लागतं. नियमच खेळाडूकडून चुकीचं वागवून घेतो, आणि मग माफी मागायचा प्रसंग आपोआप उभा राहतो.

वीसपैलू

इथे माझा स्पष्ट विरोध नोंदवतो. भावना आकड्यात बांधली की खेळाडू आकडा खेळतो. बाँड ५ झाला म्हणून दुःखी होणं हे दुःख नव्हे, हिशोब आहे. डी अँड डीमध्ये भावनेला नियम नाहीत हेच बरं आहे, तिथे जे येतं ते माणसांमधून येतं. डीएमने फक्त एनपीसी (डीएमने स्वतः चालवलेली पात्रं) नीट पेरावेत. गावातला एकच लोहार, त्याच पार्टीशी दर तिसऱ्या सेशनला भेट, दर वेळी एक लहानशी मागणी आणि एक लहानशी भेट. दहाव्या भेटीला त्याची भट्टी विझलेली दाखवा. एकही फासा लागत नाही.

कंदील

वीसपैलू, लोहार मान्य. पण तो फळायला तीस सेशन लागतात आणि प्रत्येक डीएमकडे तेवढा दम नसतो. शिवाय नियमाने माणूस हिशोबी होतोच असं नाही. पेंड्रॅगन बघा, ग्रेग स्टॅफर्डचा, १९८५चा. सरदाराच्या स्वभावाच्या १३ जोड्या असतात, दयाळू-क्रूर, सत्यवचनी-कपटी अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. स्वभाव १६ किंवा वर गेला की मोहाच्या वेळी फासा टाकावाच लागतो आणि फाशाप्रमाणे वागावं लागतं. खेळाडूला क्षमा करायचीय, फासा म्हणतो सूड. ती ओढाताण खेळाडू कागदावर वाचत नाही, ती त्याला जाणवते. आणि सरदार गेला की पुढच्या पिढीचं पात्र घेऊन खेळ चालू राहतो. बापाची ढाल पोराच्या शीटवर लिहिताना जे होतं ते कुठल्या भाषणाने होत नाही.

वीसपैलू

ढालीचं पटलं. पण "फासा म्हणतो तसंच वाग" हे मला अजूनही जाचक वाटतं. ते पहिल्या दिवशी सांगूनच सुरू करावं.

पिंपळपान

अवांतर : या वादाचं उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात अर्धं सापडतं. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस होतो. विभाव म्हणजे कारण, अनुभाव म्हणजे अंगावर दिसणारा परिणाम, व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे ३३ भाव, शंका, ग्लानी, चिंता वगैरे. "माझ्या पात्राला फार दुःख झालंय" असं जाहीर केलं की शोक हे नाव कळतं, रस होत नाही. वीसपैलूंचा लोहार हा विभाव, उंबरठा यांचे हात हा अनुभाव. बाँडचा आकडा मला विभावात बसतो, तो कारण पुरवतो, पुढचं खेळाडूनेच करायचं.

उंबरठा

वा, हे आवडलं.

नदीकाठ

सोंगटी यांचा शेवटचा प्रश्न राहिलाय : नंतर काय?

पात्राच्या भावना खेळाडूत आणि खेळाडूच्या पात्रात झिरपतात, त्याला ब्लीड म्हणतात. एमिली केअर बॉसने २००७मध्ये फिनलंडच्या रोपकॉनमध्ये हा शब्द मांडला, आणि नॉर्डिक लार्पवाल्यांनी (लार्प म्हणजे प्रत्यक्ष वावरून, अभिनयाने खेळायचा खेळ) त्यावर खूप काम केलंय. ब्लीड वाईट नाही, बरेच जण त्यासाठीच खेळतात. अडचण तेव्हा होते जेव्हा रात्री साडेअकराला सेशन संपतं आणि सगळे "चला, लेट झाला" म्हणत हेल्मेट उचलतात.

शेवटची २० मिनिटं राखून ठेवा. शीट आणि फासे टेबलावरून उचलून पिशवीत, डोळ्यांआड. चहा ठेवा, करायला कुणीतरी ओट्याशी जावं म्हणजे जागा बदलते. मग एक फेरी, पात्राबद्दल तृतीय पुरुषात आणि भूतकाळात : "तिने त्याला थांबवलं नाही", "मी थांबवलं नाही" असं नव्हे. ज्यांच्या पात्रांचं भांडण झालं असेल त्या दोघांनी एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारून काहीतरी साधं बोलावं. सल्ला द्यायचा नाही, प्रसंगाचं परीक्षण करायचं नाही, "मी असतो तर असं केलं असतं" तर बिलकूल नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं बसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डीएमने ज्याचं पात्र गेलं त्याला एक मेसेज करावा. नव्या पात्राचा विषय त्यात काढू नये. आणि पुढच्याच सेशनला नवं पात्र आणायची सक्ती नको, एखादं सेशन त्याला गावातले एनपीसी खेळवायला द्या.

मधलीसुट्टी

ऑनलाइनवाल्यांसाठी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचं नॉइज सप्रेशन दबका आवाज आणि हुंदका गोंगाट समजून कापतं, आणि आपोआप ठरणारी मायक्रोफोनची संवेदनशीलता कुजबुज गिळते. अशा प्रसंगाच्या सेशनला सप्रेशन बंद, संवेदनशीलतेची मर्यादा हाताने खाली म्हणजे हळू आवाजही पकडला जाईल, सगळ्यांना हेडफोन. शांतता झाली की लोकांना नेट गेलं असं वाटतं आणि "हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होतं. म्हणून ठरवून ठेवा, जो गप्प आहे त्याने चॅटमध्ये एक पूर्णविराम टाकायचा. तेवढ्याने कळतं की माणूस आहे.

सोंगटी

सगळ्यांचे आभार. पुढच्या सेशनसाठी ठरवलं : दोन फासे झाकून आणि तिसरा उघडा, पालथा कागद आणि दहाची मोजणी, पाकिटातल्या चिठ्ठ्या, शेवटची २० मिनिटं राखीव. एक्झॉशनचा नियम पात्रं सहाव्या पातळीच्या पुढे गेल्यावर आणेन.

एक शंका राहिली. स्पीक विथ डेड (प्रेताशी बोलायचा स्पेल) वापरून मृत पात्राशी निरोपाचं बोलणं घडवावं का? खेळाडू हे हमखास मागतात.

गोगलगाय

घडवा, पण नियमाला धरून. पाचच प्रश्न, १० मिनिटांची मुदत, प्रेताला तोंड शाबूत हवं, त्याच प्रेतावर पुढचे १० दिवस तो स्पेल पुन्हा लागू होत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे आत्मा नसतो. शरीराला जिवंतपणी ठाऊक होतं तेवढंच ते सांगतं, नवं काही शिकत नाही. म्हणून "तुझी आठवण येते"ला उत्तर नाही. "बैल कुणाला विकलास?"ला आहे.

उत्तरं मृत पात्राच्या खेळाडूलाच देऊ द्या, प्रत्येक उत्तर फार तर सहा शब्दांचं, सपाट आवाजात. आणि पाचही प्रश्न पार्टीने आधी कागदावर लिहून आणायचे. ती यादी करताना टेबलावर जे बोलणं होतं, कुठला प्रश्न ठेवायचा आणि कुठला खोडायचा, त्यासाठी अर्धा तास मोकळा ठेवा.